मृत जनावर, गावगाडा आणि गिधाड : प्रवरा खोऱ्याच्या सामाजिक इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासलेखनात जमीन, महसूल, वतने, दुष्काळ आणि सहकार या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. शेतकऱ्याच्या दावणीला असलेल्या जिवंत जनावराचाही त्यात पुरेसा विचार झाला आहे. मात्र ते जनावर मेल्यानंतर गावात काय घडत असे, हा प्रश्न इतिहासकारांनी सहसा विचारलेला नाही. दलित साहित्याने तो विचारला, पण त्याची दखल साहित्याच्या दालनातच राहिली. पक्षिशास्त्राने तो गिधाडाच्या निमित्ताने विचारला, पण त्यात माणूस दिसत नाही. प्रस्तुत लेखात संगमनेर व अकोले या तालुक्यांचा, म्हणजे प्रवरेच्या वरच्या खोऱ्याचा परिसर समोर ठेवून या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे. गिधाड हा निसर्गातील पक्षी असला तरी त्याची गेल्या दोनशे वर्षांतील वाढ आणि नाश यांचा इतिहास हा मृत जनावरासंबंधीच्या गावाच्या व्यवस्थेचा इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

परिसर :

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि संगमनेर येथे तिला म्हाळुंगी मिळते. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड अशी सह्याद्रीची उंच शिखरे व सरळ तुटलेले कडे आहेत, तर पूर्वेस संगमनेरपासून पर्जन्यछायेतील माळरान सुरू होते. डोंगराकडे भरपूर पावसात टिकणारे डांगी गोवंश, माळाकडे संगमनेरी शेळी आणि शेतीकामाचे बैल, असे येथील पशुधनाचे जुने स्वरूप होते. म्हणजे गिधाडाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी येथे होत्या. घरट्यासाठी कडे व उंच झाडे, दूरवर नजर टाकता येईल असे मोकळे रान, आणि वारंवार पडणाऱ्या अवर्षणामुळे मरणारी गुरे.

याच परिसराच्या सीमेवर, इगतपुरी तालुक्यात, सर्वतीर्थ टाकेद हे क्षेत्र आहे. रावणाशी लढताना घायाळ झालेला जटायू येथे पडला व रामाने सर्व तीर्थांचे पाणी येथे आणून त्याला गती दिली, अशी तेथील श्रद्धा आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. एका गिधाडाचे उत्तरकार्य देवाने केल्याची कथा जपणाऱ्या या मुलखात ‘गिधाड’ हा शब्द मात्र शिवीसारखा वापरला जातो, ही विसंगती पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गिधाडाचे रूप व सवयी :

दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने आढळणाऱ्या गिधाडांत पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड या दोन जाती महत्त्वाच्या होत. पहिले उंच झाडांवर घरटे करते. ते काळपट रंगाचे असून कमरेवरील पांढरा पट्टा, पंखांच्या खालच्या अंगाचा पांढरा भाग आणि मानेच्या बुडाशी असलेली पांढऱ्या पिसांची झालर यांवरून सहज ओळखू येते. दुसरे फिकट तपकिरी रंगाचे असून कड्यांच्या कपारींत वसाहत करून राहते. यांखेरीज लाल डोक्याचे राजगिधाड आणि आकाराने लहान असे पांढरे गिधाड याही जाती आहेत. राजगिधाड पूर्वीपासूनच विरळ आणि एकट्यादुकट्याने राहणारे. पांढरे गिधाड उकिरड्यावर, गावाच्या अगदी जवळ येणारे.

शिकारी पक्ष्यांच्या कुळात गणले जात असूनही गिधाड शिकार करीत नाही. गरुड, शिक्रा किंवा बहिरी ससाणा यांचे पंजे भक्ष्य पकडण्यासाठी असतात, गिधाडाचे पाय चालण्यासाठी व उभे राहण्यासाठी असतात. त्या पंजात पकड नसल्याने ते भक्ष्य उचलून नेऊ शकत नाही, जागेवरच पोटभर खाते आणि पिलासाठी अन्न पोटातूनच नेते. डोके व मान यांवर पिसे जवळजवळ नसल्याने मृतदेहात मान खुपसूनही ती फारशी माखत नाही. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात.

सकाळी ऊन तापल्याखेरीज गिधाड उडत नाही. जमीन तापून हवेचे उष्ण झोत वर चढू लागले की त्यांवर पंख पसरून ते घिरट्या घेत उंच जाते. या कुळातील आपल्याकडील गिधाडे अन्न वासाने नव्हे, डोळ्यांनी शोधतात. शिवाय प्रत्येक गिधाडाची नजर जमिनीइतकीच दूरच्या दुसऱ्या गिधाडावर असते. एक खाली उतरू लागले की त्याच्या बाजूचे वळते, त्याला पाहून पलीकडचे. कोरे आकाश असताना थोड्याच वेळात पाच-पन्नास गिधाडे कोठून उगवतात, या गावकऱ्यांच्या नवलाचे उत्तर या साखळीत आहे. असा थवा एका बैलाचा सांगाडा तासाभराच्या आत स्वच्छ करू शकतो.

दोन गोष्टी मात्र विशेष नमूद केल्या पाहिजेत, कारण पुढील इतिहास त्यांवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे बैल किंवा म्हैस यांचे जाड कातडे फाडणे या गिधाडांना अवघड जाते. ती डोळे, तोंड, गुदद्वार अशा मऊ जागांपासून सुरुवात करतात. कातडे आधीच सोललेले असेल तर त्यांचे काम अतिशय सोपे होते. दुसरी म्हणजे मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. अशा जातीची संख्या प्रौढ पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर टिकते. प्रौढ मरू लागले तर ती झपाट्याने कोसळते आणि पुन्हा वर येण्यास पिढ्या लागतात.

गावाची व्यवस्था :

परंपरागत गावगाड्यात मेलेले जनावर हे मालकाचे राहत नसे. ते गावाबाहेर ओढून नेणे हे महार वतनदाराचे काम आणि त्याच्या मांसावर व बहुतेक ठिकाणी कातड्यावरही त्याचा हक्क, अशी रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांची व हक्कांची जी तपशीलवार मांडणी आहे, तीवरून या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते. कातडे पुढे ढोर व चांभार यांच्याकडे जाई. महारांच्या वतनी जमिनीस ‘हाडकी-हाडोळा’ म्हणत, त्या नावातच हाड आहे. महसुली दप्तराने या कामाची आठवण अशी एका शब्दात जपली आहे.

मृत जनावराचा प्रवास या दृष्टीने पाहिला तर असा दिसतो. जनावर गावकुसाबाहेर माळावर ओढून नेले जाई. तेथे ते सोलले जाई. मांसाचा काही भाग महारवाड्यात वाटला जाई, उरलेला उन्हात वाळवून त्याच्या चान्या केल्या जात. शिल्लक सांगाडा गिधाडांचा. ती निघून गेल्यावर स्वच्छ झालेली हाडे, पुढील काळात खतासाठी हाडांचा व्यापार वाढल्यावर, गोळा करणाऱ्यांच्या हाती पडत. सोलणाऱ्याच्या सुरीने गिधाडाचे काम सोपे केले आणि गिधाडाच्या चोचीने हाडे वेचणाऱ्याचे. माणूस आणि पक्षी यांच्यातील ही न बोललेली श्रमविभागणी होती. दख्खनवर गिधाडांची जी विपुल संख्या होती, तिचा आधार जंगलातील मृत प्राणी हा नव्हता, तर ही व्यवस्था हा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. वाघ-बिबट्याच्या शिकारीवर एवढे थवे पोसले गेले असते हे संभवत नाही.

या श्रमविभागणीला दुसरी बाजूही होती. अवर्षणाच्या वर्षी माणूस आणि गिधाड हे एकाच मांसाचे दावेदार बनत. दया पवार (१९३५–१९९६) हे अकोले तालुक्यातील धामणगावचे, त्यांचे शालेय शिक्षण संगमनेरात झाले. ‘बलुतं’ (१९७८) या त्यांच्या आत्मकथनात ‘पड’, म्हणजे मेलेल्या जनावराचे मांस, त्याची वाटणी आणि त्याभोवतीचे महारवाड्यातील जगणे यांची नोंद आली आहे. इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाचे मोल येथे विशेष आहे. प्रवरा खोऱ्यातील कोणत्याही सरकारी दप्तरात न सापडणारी माहिती, ज्यांनी ते काम केले त्यांच्याच बाजूने, तो देतो.

सरकारी व संशोधकीय नोंदींचे स्वरूप या संदर्भात बोलके आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२०च्या दशकात दख्खनचा दौरा केला. त्याने १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली आणि १८३५ मध्ये दख्खनच्या जमीनधारणेवर व गावव्यवस्थेवर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक यांनी अहमदनगर जिल्ह्यात दीर्घकाळ काम केले. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव तसेच अहमदनगरच्या परिसरातील पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. त्यांच्या मिशनचे कार्य मुख्यतः महार समाजात होते. दोघांनीही पक्षी पाहिले आणि दोघांनीही गाव पाहिले. पण पक्षी एका कपाटात आणि गाव दुसऱ्या कपाटात, अशी ज्ञानाची विभागणी तेव्हापासूनच पडली. ती आजच्या विद्याशाखांतही कायम आहे.

नकाराचा इतिहास :

विसाव्या शतकात या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो माणसाच्या बाजूने. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारणे हा पुढील चळवळीचा भाग बनला. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात तर मृत गुराच्या मांसाचा व अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध त्यांनी सैद्धांतिक पातळीवर मांडला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराने आणि त्यानंतर १९५८ च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने हे काम जन्माने कोणावर लादण्याचा पाया काढून घेतला. गावोगावी या नकाराची किंमत बहिष्काराच्या रूपाने मोजावी लागली, हे दलित आत्मकथनांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. महार आणि गिधाड यांची तुलना सवर्ण समाजाने अवमानासाठी केली. येथे दोघांना एका वाक्यात ठेवले आहे ते तुलनेसाठी नव्हे. एकाच अन्नसाठ्यावर दोघांनाही अवलंबून ठेवणारी व्यवस्था माणसाने उभारली होती, आणि तीतून माणूस बाहेर पडला तो स्वतःच्या निर्णयाने, हा फरक मूलभूत आहे. गिधाडाला असा निर्णय घेता येत नव्हता.

माणूस बाहेर पडल्यावर मृत जनावराचे काय झाले? ते बहुतांशी माळावरच टाकले जात राहिले. काही ठिकाणी कातड्याचे ठेकेदार आले, मांस मात्र पूर्णतः गिधाडांना व कुत्र्यांना उरले. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गायींच्या कत्तलीस मनाई झाली, २०१५ पासून ती बैल व वळूंनाही लागू झाली. म्हणजे दावणीवर म्हातारे होऊन मरणाऱ्या जनावरांची संख्या घटण्याचे कारण नव्हते. गावाने आपला प्रश्न सोडवला नाही, तो सोडवणारा दुसरा कोणी फुकट उपलब्ध असल्यामुळे तो प्रश्न दिसला नाही इतकेच. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा म्हणूनच दख्खनवरील गिधाडांसाठी अन्नाच्या दृष्टीने सुबत्तेचा काळ असावा, असे अनुमान करता येते.

दूध आणि औषध :

दुसरा धक्का आला तो अन्नाच्या टंचाईतून नव्हे, तर जनावरांच्या काळजीतून. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनची स्थापना केली आणि संकरित गोपैदासीचा कार्यक्रम पुणे-अहमदनगर पट्ट्यात पसरला. १९७० पासून दुग्धमहापूर योजना सुरू झाली. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आणि हिरवा चारा होताच, संगमनेर तालुका लवकरच दुधासाठी राज्यात ओळखला जाऊ लागला. डांगी किंवा गावठी गाय आजारी पडली तर शेतकरी घरगुती उपाय करी व वाट पाही. संकरित गाय ही मोठी गुंतवणूक होती, दिवसाला दहा-पंधरा लिटर दूध देणाऱ्या जनावराला ताप, स्तनदाह किंवा लंगडेपणा आला की त्याच दिवशी डॉक्टर बोलावणे क्रमप्राप्त झाले.

१९९०च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक भारतात पशुवैद्यकीय वापरासाठी अत्यंत स्वस्तात मिळू लागले. त्याचा गुण जनावराला लगेच येई. मात्र औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावले तर त्याचा अंश मांसात राहतो आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. युरिक आम्लाचे पांढरे थर अंतर्गत अवयवांवर साचतात. मान खाली टाकून तासन्‌तास बसलेले गिधाड हे या आजाराचे बाहेरून दिसणारे लक्षण. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील घट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. कारण मात्र २००४ मध्ये उलगडले, जेव्हा लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांचे पाकिस्तानातील संशोधन ‘नेचर’मध्ये आले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची व तिच्या जवळची जात मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

गिधाडे अन्नाअभावी गेली, कीटकनाशकांनी गेली किंवा दुसऱ्या प्रदेशात निघून गेली, अशी मते ग्रामीण भागात आणि क्वचित सुशिक्षितांतही आजही ऐकू येतात. अन्नाअभावी गेली असती तर मृत जनावरे माळावर सडत पडली नसती. मोठ्या प्रमाणावर औषध वापरले गेले तरच एवढा संहार होईल, ही समजूतही बरोबर नाही. २००४ मधील गणितानुसार दर १३० ते ७६० मृत जनावरांमागे एकात जरी प्राणघातक प्रमाणात औषध असेल, तरी झालेल्या घटीचे स्पष्टीकरण मिळते. गिधाडांची अन्न शोधण्याची साखळी येथे त्यांच्या मुळावर आली. एका विषारी सांगाड्यावर दूरदूरचे पन्नास पक्षी उतरतात. ज्या सवयीने त्यांना दुष्काळी पठारावर शतकानुशतके जगवले, तिनेच त्यांना मारले.

२००६ मध्ये भारत सरकारने डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असे पर्यायी औषध त्याच सुमारास सिद्ध झाले होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये मानवी वापराच्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पहिल्या बंदीपासून या बंदीपर्यंत १७ वर्षे गेली, पाच वर्षांनी वयात येणाऱ्या पक्ष्याच्या हिशेबात हा काळ फार मोठा आहे.

पुन्हा माणूस :

गिधाडे गेल्यावर मृत जनावराचा प्रश्न गावाकडे परत आला. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांत त्यांच्या नाशानंतर मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे, आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचे अनुमान मांडले आहे. दूषित पाणी आणि भटक्या कुत्र्यांची वाढ ही त्यामागील कारणे त्यांनी दिली आहेत. गिधाडाच्या श्रमाचे मोल अशा रीतीने आकड्यांत आले, तेही ते श्रम थांबल्यावर.

हे काम आता कोणाकडे जाते, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मृत गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर सौराष्ट्रात अनेक ठिकाणी दलितांनी मृत जनावरे उचलण्यास नकार दिला आणि ती रस्त्यांवर पडून राहिली. महाडच्या आवाहनाला नव्वद वर्षे होत आली असताना तोच नकार पुन्हा द्यावा लागला. फरक एवढाच, की या वेळी ती जनावरे संपवणारी गिधाडे आकाशात नव्हती. महाराष्ट्रातही नगरपालिकांच्या मृत जनावरे उचलण्याच्या कामात कोणत्या समाजातील माणसे आहेत, याचा अभ्यास व्हावयास हवा. वतन गेले, पण वतनाचे काम कंत्राटाच्या नावाने त्याच वस्तीकडे गेले का, हे तपासण्याजोगे आहे.

२०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ राज्यात पसरली तेव्हा अहमदनगर जिल्हाही (आताचा अहिल्यानगर) तीत सापडला. दगावलेली जनावरे खोल खड्ड्यात पुरण्याच्या सूचना होत्या आणि यंत्राने खड्डे खोदून ती पुरली गेली. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण पुरण्याची रीत सर्वच मृत जनावरांना लागू होत गेली, तर उरलेल्या गिधाडांच्या वाट्याला काहीच येणार नाही. म्हणूनच नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळील खोरीपाडा येथे गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा करण्यात आली, आणि रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गावकऱ्यांच्या सहभागाने घरट्यांचे संरक्षण झाले. २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे विदर्भात पेंच व ताडोबा येथे आणून सोडण्यात आली.

खोरीपाड्यासारख्या ठिकाणी मृत जनावर ठेवण्यापूर्वी त्याला शेवटच्या दिवसांत कोणते औषध दिले गेले, हे मालकाला विचारावे लागते. बलुत्याच्या काळी मेलेल्या जनावराबाबत गावात एकच प्रश्न होता, ते ओढणार कोण. आता त्यात हा दुसरा प्रश्न आला आहे, आणि त्याचे खरे उत्तर गोठ्यातील माणसाखेरीज कोणालाही ठाऊक नसते.